लंडनमधील सायकल पोलो : नवख्यांसाठीच्या एका संध्याकाळचे परीक्षण

लंडनमध्ये हार्डकोर्ट, म्हणजे पक्क्या कोर्टवरचा, सायकल पोलो खेळणारे लोक मोजकेच आहेत. त्यांच्यापैकी एका क्लबतर्फे नवख्या खेळाडूंसाठी दर आठवड्याला जी संध्याकाळ भरवली जाते, ती या परीक्षणाचा विषय आहे. क्लबचे नाव मी देत नाही, कारण तो सर्वस्वी स्वयंसेवकांच्या बळावर चालतो आणि पुढे ज्या उणिवा मांडायच्या आहेत त्यांचा बोजा एकट्या त्याच्यावर पडू नये असे मला वाटते. निर्णय आधीच सांगतो. ज्याला सायकलवर बऱ्यापैकी तोल सांभाळता येतो त्याने ही संध्याकाळ अवश्य अनुभवावी. आणि अल्पपरिचित खेळाकडे नवे खेळाडू व प्रायोजक कसे वळवावेत या प्रश्नात ज्याला रस आहे, त्याने तर ती बारकाईने पाहावी.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. १८९१ मध्ये आयर्लंडमधील विकलो परगण्यात रिचर्ड मेक्रेडी या सायकलपटूने आणि संपादकाने घोड्याऐवजी सायकलवर पोलो खेळण्याची प्रथा सुरू केली, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आयर्लंड व जर्मनी यांच्यात त्याचा प्रदर्शनीय सामनाही झाला. मात्र तो गवतावरचा खेळ होता. आज युरोप-अमेरिकेतील शहरांत डांबरी किंवा काँक्रीटच्या कोर्टवर जो प्रकार खेळला जातो, तो अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात सायकलवरून पार्सले पोहोचवणाऱ्या तरुणांनी २००० सालाच्या आसपास रुजवला आणि त्याची पहिली जागतिक स्पर्धा २००९ मध्ये फिलाडेल्फियाला झाली. प्रत्येक बाजूला तीन खेळाडू असतात आणि ते मॅलेटने, म्हणजे लांब दांड्याच्या हातोडीने, चेंडू मारतात. ज्याचा पाय जमिनीला लागेल त्याला कोर्टच्या मध्यावर, कडेच्या ठरलेल्या जागी मॅलेट टेकवून येईपर्यंत खेळात भाग घेता येत नाही. मॅलेटच्या नळीसारख्या डोक्याच्या टोकाने मारलेला चेंडूच गोल म्हणून धरला जातो. आडव्या अंगाने ढकललेला चेंडू जाळ्यात गेला तरी तो मोजत नाहीत. नवख्याला हा शेवटचा नियम सर्वांत जाचक वाटतो, पण त्याच नियमामुळे खेळात नेमकेपणा आला आहे.

या क्लबची खरी ताकद उसन्या साहित्यात आहे. बहुतेक लहान खेळांचे प्रचारक पत्रके छापतात, छायाचित्रे प्रसिद्ध करतात, खेळाची थोरवी सांगतात, आणि उत्सुक माणूस मैदानावर आला की त्याला कळते की खेळायचे असेल तर आधी खर्च करावा लागेल. येथे पहिली खेप विनामूल्य आहे आणि सायकल, मॅलेट, शिरस्त्राण, हातमोजे हे सारे क्लब देतो. सायकली नव्या नाहीत; जुन्या माउंटन बाइकचे सांगाडे घेऊन त्यांना एकच हलका गिअर बसवला आहे, जेणेकरून जागच्या जागी वळून लगेच वेग घेता यावा. चाकांवर पन्हळी प्लॅस्टिकच्या चकत्या आहेत, म्हणजे चेंडू किंवा मॅलेट आऱ्यांत अडकत नाही. हँडलच्या दोन्ही टोकांना घट्ट बुचे आहेत, कारण उघडी नळी पडताना पोटात घुसू शकते. तासाच्या सुरुवातीला एक स्वयंसेविका प्रत्येक सायकलचे हे बूच अंगठ्याने दाबून पाहत होती, आणि एक सैल निघाले तेव्हा तिने ती सायकल बाजूला ठेवून दिली.

ब्रेकची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये, भारताप्रमाणेच, सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. पोलोमध्ये उजव्या हातात मॅलेट येते, त्यामुळे स्वतःची रोजची सायकल घेऊन आलेल्या माणसाच्या डाव्या हाताशी फक्त मागचा ब्रेक उरतो, आणि मागच्या ब्रेकने सायकल थांबण्याऐवजी घसरते. क्लबच्या सायकलींवर पुढचा ब्रेक डाव्या हाताला आणून ठेवलेला आहे. स्वतःचीच सायकल वापरण्याचा आग्रह धरणाऱ्यालाही केबल बदलून दिल्याशिवाय कोर्टवर सोडत नाहीत, आणि त्यासाठीची पाना-पक्कड कुंपणापाशीच ठेवलेली असते.

शिकवण्याची पद्धत शहाणपणाची आहे. प्रथम चेंडूविना, एका हाताने सायकल चालवत कोर्टला फेऱ्या मारायला लावतात; मग मॅलेट जमिनीला टेकवून तिसऱ्या चाकासारखा तिचा आधार घेत जागी थांबण्याचा सराव होतो; चेंडू त्यानंतर येतो. हे सारे अर्ध्या तासात आटोपते आणि लगेच खरा सामना सुरू होतो. संघ पाडण्याची रीत मला फार आवडली. खेळू इच्छिणारे सारे जण आपापल्या मॅलेट कोर्टच्या मध्यभागी ढिगात टाकतात आणि एक जण त्यांतल्या तीन उचलून एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला सरकवतो. ज्याची मॅलेट जिकडे, तो तिकडे. यात कोणी कोणाला निवडत नाही, म्हणून सर्वांत शेवटी निवडले जाण्याची नामुष्की नवख्याच्या वाट्याला येत नाही. शाळेच्या मैदानावर ज्यांनी ती अनुभवली आहे, त्यांना या साध्या रीतीचे मोल वेगळे सांगायला नको. मग दोन्ही संघ आपापल्या मागच्या भिंतीशी उभे राहतात, ‘थ्री, टू, वन, पोलो’ अशी हाक होते आणि मध्ये ठेवलेल्या चेंडूकडे धाव सुरू होते. नवख्यांच्या सत्रात ही पहिली धाव मात्र संथ ठेवतात, आणि तसे ठेवणेच योग्य आहे.

उणिवांकडे वळतो. पहिली संध्याकाळ जितक्या आस्थेने आखली आहे, तितकी पुढची वाट आखलेली नाही. दोन-चार आठवड्यांनी नवखा खेळाडू नेहमीच्या मुक्त सामन्यांत येतो आणि तेथे वर्षानुवर्षे खेळलेल्यांच्या वेगापुढे त्याला बराच वेळ चेंडू दिसतसुद्धा नाही. माझ्या मते गळती होते ती याच टप्प्यावर. नवखे आणि मुरलेले यांच्यामध्ये एक मधला गट असावा, किंवा निदान प्रत्येक संघात एक नवखा असलाच पाहिजे असे सामने ठरलेल्या दिवशी व्हावेत, इतकी साधी सोय अजून झालेली नाही. दुसरे असे की, पावसामुळे सत्र रद्द झाल्याची सूचना फक्त सदस्यांच्या संदेशगटात जाते आणि जो अजून सदस्य झालेला नाही, तो बंद कोर्टपाशी येऊन परततो. लहान मापाची शिरस्त्राणे कमी आहेत, ज्याचा त्रास प्रामुख्याने स्त्रियांना आणि किशोरवयीनांना होतो. जवळपास स्वच्छतागृह नाही. चेहऱ्यासाठी जाळी मागितल्यास मिळते, पण ती आपण होऊन पुढे करायला हवी, कारण पहिल्याच दिवशी आलेल्या माणसाला ती मागावी हे सुचत नाही.

प्रायोजकत्वाच्या बाबतीत या क्लबकडून शिकण्यासारखे बरेच आहे आणि त्याला सांगण्यासारखेही थोडे आहे. ब्रिटनमध्ये सायकलिंगमध्ये मोठा पैसा आला तो १९९७ पासून लॉटरीच्या निधीतून ऑलिंपिक पदकांसाठी आणि पुढे राष्ट्रीय संघामागे उभ्या राहिलेल्या स्काय, एचएसबीसी यांसारख्या कंपन्यांकडून. पोलोला पदक नाही, दूरचित्रवाणी नाही, फारसा प्रेक्षकही नाही. त्यामुळे ‘आमच्यामुळे तुमचे नाव लाखोंपर्यंत पोहोचेल’ असे प्रायोजकाला सांगणे निव्वळ खोटे ठरेल. या क्लबने ते सांगितलेले नाही, हे मला मनापासून आवडले. त्याने जवळच्या एका सायकलदुकानाला एवढेच दाखवून दिले की हा खेळ ब्रेक पॅड, आरे, टायर आणि चेन अक्षरशः खातो, आणि येथे नव्याने येणारा प्रत्येक माणूस महिन्याभरात दुरुस्तीसाठी कोणत्या ना कोणत्या दुकानाची पायरी चढणार आहे. दुकानदाराने रोख रक्कम न देता जुने सुटे भाग आणि कारागिराचे काही तास दिले. त्याच्या बदल्यात उसन्या सायकलींच्या चाकांवरील चकत्यांवर दुकानाचे नाव रंगवले आहे, आणि संध्याकाळभर नवखा माणूस ज्या सायकलवर बसतो, तीच त्या दुकानाची जाहिरात ठरते. चाकाला संरक्षण हवेच होते. तेथेच प्रायोजकाला जागा मिळाली. याहून उचित देवाणघेवाण मी लहान खेळांत क्वचितच पाहिली आहे.

माझा मतभेद वार्षिक स्पर्धेपुरता आहे. तिच्यासाठी जो वेगळा निधी गोळा होतो, त्याचा मोठा भाग बक्षिसे आणि समारंभावर जातो. जिंकणारे तर बक्षीस नसते तरी आलेच असते. तोच पैसा हिवाळ्यात झोतदिव्यांचे कोर्ट भाड्याने घेण्यासाठी वापरला, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नवख्यांचे सत्र जवळजवळ बंद पडते ते पडणार नाही. चार महिन्यांच्या खंडानंतर त्यांच्यातले किती जण परत येतील, याचा विचार क्लबच्या चालकांनी गांभीर्याने करायला हवा.

मराठी वाचकांपैकी काहींना नागपूरमुळे सायकल पोलोचे नाव ठाऊक असेल, कारण गवतावरच्या प्रकाराच्या राष्ट्रीय स्पर्धा तेथे झालेल्या आहेत. भारतात या खेळाची संघटना १९६६ पासून आहे, आणि २०२० मध्ये केंद्र सरकारने क्रीडा कोट्यातील नोकऱ्यांसाठी जे वीस नवे खेळ मान्य केले, त्यांत मल्लखांब आणि पुण्यात जन्मलेल्या रोल बॉलबरोबर सायकल पोलोही आहे. नोकरीची आशा हे खेळाडू आणण्याचे प्रभावी साधन आहे आणि त्यात गैर काही नाही, परंतु पंचविशी ओलांडलेल्या, केवळ आनंदासाठी खेळू पाहणाऱ्या माणसाला ते साधन उपयोगाचे नाही. त्याच्यासाठी कोर्टवरचा प्रकार अधिक सोयीचा आहे, कारण त्याला मोठे हिरवळीचे मैदान लागत नाही. आपल्याकडील शहरांतल्या स्केटिंग रिंकना बहुधा कडेने कठडा असतो, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पुष्कळ ठिकाणी दिवेही असतात. एखाद्या सायकल दुकानाने सहा जुन्या माउंटन बाइक ब्रेक बदलून उसन्या दिल्या, आणि मॅलेटसाठी अ‍ॅल्युमिनियमचे दांडे व जाड प्लॅस्टिक पाइपचे तुकडे जमवले, तर पुण्यात किंवा नागपुरात पहिली संध्याकाळ भरवायला याहून अधिक काही लागणार नाही.