आरडाओरडा आणि अबोला

मे महिन्यात नागपूरच्या सीताबर्डीवर स्कूटरला धक्का लागला की आवाज चढतो, बोट छातीपर्यंत येतं. हा राग दिसतो, म्हणून त्याच्या पायऱ्याही कळतात: आधी आवाज, मग अंगावर येणं, मग कॉलर. समोरचा जवळ सरकू लागला की आपण मागं व्हावं.

दुसरा राग घरात मुरतो. माझ्या मावशीचं ताट रोज वाढलं जायचं, पण आपटून. महिना महिना तिच्याशी कुणी बोलायचं नाही. शेजारी म्हणायचे, किती शांत घर! मला हाच जास्त घातक वाटतो, कारण तो ओळखण्यातच वर्षं जातात. अंगावर एकही वळ नसला तरी अपमान करणं, हिणवणं हीसुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं हिंसाच मानली आहे. मावशीला हे फार उशिरा कळलं.