इलेक्ट्रिक गाडी काही महिने वापरल्यावर: मोठी बॅटरी ठणठणीत, छोटीने वैताग आणला

मेन बॅटरी ८० टक्के चार्ज आणि गाडीचं दार उघडेना. का, तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली. पेट्रोल गाडीत असते तसलीच. शेकडो किलोचा पॅक खाली भरलेला पडलाय, पण त्याला मोटरशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, या छोटीच्या करंटवर चालतात, ती मेली की सगळं ठप्प. वर सर्व्हिसवाला म्हणतो चाकं फिरवत टो करायची नाही, फ्लॅटबेडच लागेल, आणि वॉरंटी विचारली तर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी ही मोठीची हो, छोटी झिजेच्या यादीत येते. अहो पण गाडी घेताना या छोटीचं नाव तरी काढलं होतं का कोणी? बसलेल्या बॅटरीला करंट देणारा जंप स्टार्टर घेतलात तर डिकीत ठेवू नका, डिकीचं लॉकही बऱ्याच गाड्यांत तिच्यावरच चालतं.

निम्मं लिहून झाल्यावर बिलं काढून बसलो आणि राग जरा उतरला. शंभर किमीला साधारण १५ युनिट जातात, चार्जिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास गळती होते ती स्क्रीनवर दिसत नाही, मीटरवर दिसते, तीही धरली तरी पेट्रोलपुढे हा खर्च काहीच नाही. ऑइल बदलणं नाही, रिजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज परत बॅटरीत भरते त्यामुळे, ब्रेक पॅडही लवकर झिजत नाहीत. टायर मात्र झिजतात, वजन आणि टॉर्क दोन्ही जास्त, आणि ते स्वस्त मिळत नाहीत.

पण हे सगळं घरी प्लग असेल तरच. भाड्याच्या घरात राहणारा, पार्किंगमध्ये पॉइंट नसलेला माणूस फास्ट चार्जरवर जगणार, तिथे युनिट घरच्यापेक्षा बरंच महाग, आणि ८० टक्क्यांनंतर स्पीड पडतो तो वेगळा. म्हणजे ज्याला बचतीची खरी गरज त्यालाच ती कमी मिळते, हे मला अजिबात पटत नाही. गाडी घेताना जे जास्तीचे पैसे मोजतो ते फक्त किलोमीटरमधून वसूल होतात, रनिंग कमी असेल तर पेट्रोलच घ्या, उगाच भावनेच्या भरात जाऊ नका.

बजेट कमी असेल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाली बघा, त्यात निकेल-कोबाल्ट नसतं म्हणून स्वस्त पडते, वजनाला थोडी जड असते पण टिकते चांगली. सेकंडहँड घेताना बॅटरी हेल्थचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, मग विकणारा कितीही गोड बोलू दे.

इन्शुरन्स रिन्यूअलचा आकडा अजून यायचाय, आला की इथेच टाकतो.