झिरकोनिया कॅप, १० वर्षांची वॉरंटी आणि मेथीची काडी

रूट कॅनलमध्ये काय करतात हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून त्यात शिरत नाही. माझी खालची डावी मोठी दाढ. पावसाळ्यात करून घेतली, आता मृग बहाराची संत्री बाजारात आली आहेत. एवढ्या काळात दाढ एकदाही ठणकलेली नाही. गरम चहा, थंड पाणी, काही नाही. रूट कॅनलला पैकीच्या पैकी. कॅपला मात्र मी पासही करत नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे कॅपनेच खाल्लेत.

हिशेब आमच्या नागपूरच्या एका खासगी दवाखान्याचा आहे. रूट कॅनल ५,५००. दाढेचा बराच भाग किडीने गेला होता, तो आतून भरून उभा करायचे १,२०० वेगळे. हे आधी कुणी सांगत नाही. तोंड उघडं असताना सांगतात, तेव्हा मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. एक्स-रेचे ४००. झिरकोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या टणक सिरॅमिकची, कॅप ९,०००. झाले १६,१००. मेडिक्लेमवाल्यांना फोन केला तर अपघातात दात गेला असेल तर बघू म्हणाले. भुईमुगाच्या दाण्याने दाढेचा तुकडा पडला, हा त्यांच्या लेखी अपघात नाही.

दादाचं म्हणणं होतं, काढून टाक, १,००० रुपयांत मोकळी होशील. मलाही क्षणभर पटलं. पण मग तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात, बसवायचा तर त्याच दवाखान्यात ३०,००० च्या पुढे. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने जोडदात, करायचा तर दोन्ही बाजूंच्या धडधाकट दातांना घासून बारीक करायचं. जागा तशीच सोडली तर मागची दाढ पुढे कलंडते आणि वरची हळूहळू खाली उतरते. दादाच्या १,००० रुपयांत यातलं काहीच धरलेलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात करून घेतलं. तिथे विद्यार्थी काम करतात, प्राध्यापक येऊन तपासतात, आणि खर्च खासगीच्या मानाने किरकोळ. फक्त हाताशी वेळ पाहिजे. मला मार्चच्या आधी रजा मागायचीही सोय नाही, नाहीतर मीही तिथेच गेले असते.

आता सुरक्षिततेचं. घरात दोन पक्ष पडले होते. सासूबाईंच्या मते दाताला हात लावला की डोळ्यावर येतं, पण ते वरच्या दातांचं, माझी दाढ खालची, म्हणून मला परवानगी मिळाली. वहिनींनी व्हॉट्सॲपवर पाठवलं की रूट कॅनल केलेल्या दातात जंतू कोंडून राहतात आणि कॅन्सर, हृदयविकार सगळं त्यातून होतं. याचं मूळ शोधलं तर ते शंभर वर्षांपूर्वीच्या वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन दंतवैद्याच्या प्रयोगांपर्यंत जातं. पुढच्या अभ्यासांत ते प्रयोग टिकले नाहीत, पण फॉरवर्डला कुठे तारीख असते! एक्स-रेचीही मला धास्ती होती. दाताच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेचा किरणोत्सर्ग सुमारे ५ मायक्रोसिव्हर्ट. तेवढा तर घरी बसून एका दिवसात निसर्गाकडून मिळतोच.

खरे धोके वेगळे आहेत आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही. मुळातल्या नळ्या साफ करायची सुईसारखी बारीक फाइल आत तुटू शकते. दाढेतली एखादी नळी सापडायची राहून जाते. माझ्या दाढेत तीन सापडल्या, चौथी आहे का ते डॉक्टरांनी बराच वेळ शोधलं. आत धुवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमधलंच रसायन. ते मुळाच्या टोकापलीकडे गेलं तर तोंड सुजून भोपळा होतो. दाढेभोवती ताणून लावतात तो रबराचा पातळ पडदा, म्हणजे रबर डॅम, लावणार का, हेही आधी विचारून घ्या. त्यामुळे फाइल किंवा औषध घशात जात नाही आणि थुंकी दाढेत उतरत नाही. मला त्याखाली जीव गुदमरल्यासारखा झाला, पण ज्या डॉक्टरांकडे तो नसेल तिथे मी जाणार नाही. भुलेच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा ॲड्रेनलिन असतं, त्याने छाती धडधडते. बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती लपवू नका. आमच्या ह्यांनी लपवली असती.

अँटिबायोटिकची पट्टी लिहून दिली होती. ताप नाही, सूज नाही, नुसती नस दुखते आहे, अशा वेळी एरवी धडधाकट माणसाला तिची बहुधा गरज नसते, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये सांगितलं आहे. मी विचारलं तर डॉक्टर हसले आणि स्वतःच खोडली. औषधांचे अर्धे पैसे तिथेच वाचले.

मग कॅप. कॅप घालायचीच का, यावर मी बरीच घासाघीस केली. माघार घेतली ती एका आकड्यामुळे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या नोंदींवरून २००४ मध्ये साडेचौदा लाखांच्या आसपास दात तपासले होते. रूट कॅनलनंतर ८ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडातच होते, आणि जे काढावे लागले त्यातल्या ८५ टक्क्यांवर पूर्ण कॅप नव्हती. म्हणजे कॅप हवी. धातूची २,०००, धातूवर सिरॅमिकची ४,५००, झिरकोनिया ९,०००. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, झिरकोनियाच घ्या, १० वर्षांची वॉरंटी आहे, कार्ड मिळतं." वॉरंटी म्हटलं की मी मिक्सरसुद्धा महागाचा घेते. घेतली.

निळा कागद चावायला दिला, उंच लागतं का विचारलं, नाही म्हटलं, सिमेंट लावून बसवली. रंग सुरेख, शेजारच्या दाढेत मिसळून गेला. घरी येऊन मेथीची भाजी खाल्ली आणि कॅप आणि मागची दाढ यांच्यामध्ये एक काडी जाऊन बसली.

ती फट म्हणजे माझ्या आयुष्यातलं मागच्या काही महिन्यांचं मुख्य प्रकरण आहे. तिच्यात तर्री पोह्यांतली कोथिंबीर जाते. तुरीच्या डाळीचं साल जातं. सावजी मटणाचा धागा गेला की जेवणाची मजा तिथेच संपते. संत्र्याची फोड तर मी उजव्या बाजूने चावायला लागले, तरी पांढरी रेषा डावीकडे पोचतेच. ऑफिसात कुणी बोलत असतं आणि माझी जीभ तिथे खणत असते. समोरच्याला वाटतं बाई गालातल्या गालात हसते आहे. पर्समध्ये, गाडीच्या डिकीत, देवघराच्या खणात, सगळीकडे दातकोरणी. हिरडी तिथे सुजते, हात लावला की रक्त येतं.

वॉरंटी कार्ड घेऊन गेले. कार्डावर बारीक अक्षरात आहे: कॅप तडकली किंवा फुटली तर नवी. फटीचा उल्लेख नाही. कॅप काढून पुन्हा करा म्हटलं, तर म्हणाले झिरकोनिया सिमेंट केली की अख्खी निघत नाही, हिऱ्याच्या बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, कापूनच काढावी लागते, म्हणजे ही कॅप गेली, आणि नवीचा लॅबचा खर्च माझा. ९,००० ची वस्तू मला नको तिथे इतकी मजबूत! मी काउंटरवर आवाज चढवला. बाहेर बसलेली माणसं ऐकत होती, तेही बरंच झालं. तुमच्या मापात चूक, तर पैसे मी का द्यायचे?

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शेवट फार कडू करणार होते. मधे त्याच डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. गेले. त्यांनी कॅपला हातच लावला नाही. मागच्या दाढेच्या त्या बाजूला, अन्न अडकून अडकून, कीड नुकती लागायला लागली होती. ती साफ करून तिथे दाताच्या रंगाचं फिलिंग असं फुगीर भरलं की फट बंद झाली. भूलसुद्धा द्यावी लागली नाही. फ्लॉसचा दोरा घालून दाखवला, टक् असा आवाज करून आत गेला. पूर्वी तो नुसता सरकायचा. बिल १,२०० चं होतं. मी म्हटलं ही कीड तुमच्या फटीची आहे. ५०० वर तोडलं. ते ५०० सुद्धा द्यायला नको होते, पण डॉक्टरांनी फोन केला म्हणून दिले.

तेव्हा आता माझं मत असं. डॉक्टर चांगले, रूट कॅनल उत्तम, वॉरंटी कार्ड निरुपयोगी. ९,००० च्या कॅपवर ५०० चं फिलिंग भारी पडलं. काल सावजी खाल्लं, काही अडकलं नाही. फ्लॉस रोज करायला सांगितला आहे. ८० रुपयांची डबी किती दिवस पुरते ते बघते आहे, आमचे हे दोरा हातभर तोडतात.

उजवीकडची शेवटची दाढ गारठ्याला सणकायला लागली आहे. रूट कॅनल लागलंच तर तिथेच करीन, पण कॅप धातूची, २,००० वाली. तिथवर कोण बघायला येतंय? आणि सिमेंट लावायच्या आधी, कॅप नुसती ठेवलेली असतानाच, दोन्ही बाजूंनी दोरा घालून दाखवा म्हणणार. टक् वाजलं नाही तर खुर्चीवरून उठायचं नाही.