जास्तीच्या सोयी दाखवून विकलेला बनावट पीएसपी

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात नवी पेठेतील एका दुकानातून मी ६,८०० रुपये मोजून हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल विकत घेतला. दुकानदाराने तो सोनी कंपनीचा पीएसपी (प्लेस्टेशन पोर्टेबल) म्हणून विकला आणि मीही तो पीएसपी समजूनच घेतला. प्रत्यक्षात ती त्याच आकाराची, त्याच रंगाची नक्कल निघाली. घडलेले सर्व सविस्तर लिहीत आहे, कारण तोच डबा त्याच बतावणीने आजही विकला जात आहे आणि तो घेणारे बहुधा माझ्यासारखे, मुलासाठी आलेले पालकच असणार.

माझा मुलगा सातवीत आहे. त्याच्या हातातला मोबाइल सुटावा, ही आम्हा दोघा नवरा-बायकोची रोजची काळजी होती. इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मित्राकडे पीएसपी होता. त्याची आठवण झाली. सोनी कंपनीने डिसेंबर २००४ मध्ये जपानच्या बाजारात आणलेले हे यंत्र, ४.३ इंची आडवा पडदा असलेले, फोनही नाही आणि रीलही नाहीत, म्हणून मला ते मुलासाठी योग्य वाटले. या यंत्राचे उत्पादन बंद होऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, त्यामुळे मिळाले तर ते वापरलेलेच मिळणार, हे मला ठाऊक होते. असे असताना दुकानदाराने सीलबंद, कोरा डबा समोर ठेवला तेव्हाच मी थांबायला हवे होते.

“साहेब, हे नवीन व्हर्जन आहे,” तो म्हणाला. “जुन्याला एकच स्टिक होती, ह्याला दोन आहेत बघा. मागं कॅमेरा आहे, एफएम आहे, टीव्हीला जोडता येतंय, दहा हजार गेम आतच भरलेत. चकती घालायची कटकटच नाही. घेऊन जावा की, लेकरू खूश होईल.” पीएसपीचे खेळ ज्यावर येत ती चकती का नाही, असे मी विचारले. त्यावर “ती कंपनीनंच बंद केली” असे उत्तर मिळाले. हे उत्तर अर्धे खरे असल्यामुळेच घातक ठरले. २००९ मध्ये ‘पीएसपी गो’ नावाचे बिनचकतीचे मॉडेल खरोखरच आले होते. पण त्याचा पडदा ३.८ इंची होता आणि तो वर सरकवल्यावर खालची बटणे दिसत. माझ्या हातात दिलेले यंत्र तसे मुळीच नव्हते.

माझी चूक कुठे झाली, हे मला फार उशिरा समजले. ज्या सोयी तो अभिमानाने मोजून दाखवत होता, त्याच ते यंत्र खोटे असल्याची साक्ष देत होत्या. खऱ्या पीएसपीला डाव्या बाजूला, दिशेच्या बटणांखाली, अंगठ्याने फिरवायची एकच चपटी स्टिक असते. दोन स्टिक आल्या त्या २०११ च्या ‘व्हिटा’ या सोनीच्या वेगळ्याच यंत्रात. पीएसपीला अंगचा कॅमेरा कधीच नव्हता. तो हवा असल्यास वर जोडण्याचा वेगळा भाग घ्यावा लागे. टीव्हीला जोडण्याची सोय मात्र २००७ आणि २००८ च्या खऱ्या मॉडेलांतही होती, त्यामुळे तेवढ्यावरून फरक ओळखता येत नाही. खरी खूण मागच्या बाजूला असते. तिथे गोल झाकण उघडते आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनातली छोटी चकती, म्हणजे यूएमडी, आत बसते, तिच्यात १.८ जीबीपर्यंत माहिती मावते. माझ्या यंत्राच्या पाठीवरही गोल रेघ होती. घरी आल्यावर मुलाने तिच्या कडेत नख घालून झाकण उघडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती रेघ साच्यातच पाडलेली आहे, तिथे झाकणच नाही, हे लक्षात आले.

गेमची गत त्याहून वाईट होती. दहा हजार म्हणून सांगितलेल्या यादीत जुन्या कार्ट्रिजच्या काळातले तेच ते खेळ वेगवेगळ्या नावांनी भरलेले होते. मुलाने एक मोटारीची शर्यत सुरू केली, बंद केली, पुढच्या पानावरचे दुसरे नाव निवडले, तर तीच मोटार त्याच रस्त्यावर पुन्हा उभी. उजवी स्टिक फिरवली की शेजारच्या चार बटणांचेच काम होई. तिला स्वतःचे असे काम नव्हते. मुलगा काही बोलला नाही. त्याने ते यंत्र पुन्हा नीट डब्यात ठेवले, ते मला आजही आठवते आणि वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी अशोक चौकातल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे ते उघडून दाखवले. खऱ्या पीएसपीत बॅटरीचे झाकण हाताने उघडते, बॅटरी बाहेर निघते आणि मेमरी स्टिक नावाचे सोनीचेच वेगळे कार्ड लागते. इथे स्क्रू काढल्यावर साध्या खेळण्यात असते तशी तारांनी जोडलेली चपटी बॅटरी आणि मोबाइलमध्ये घालतात ते कार्ड निघाले. डबा, यंत्र, माहितीपत्रक यांपैकी कशावरही उत्पादक कंपनीचे नाव नव्हते.

पाचव्या दिवशी मी दुकानात परत गेलो. दुकानदाराने भिंतीवरच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवले. माझ्याकडे होती ती कच्ची पावती, तीवर नुसते ‘गेम’ आणि रक्कम. सुदैवाने पैसे यूपीआयने दिलेले असल्यामुळे तारीख आणि दुकानाचे खाते यांची नोंद माझ्याकडे राहिली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसल्यास सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील त्याच व्याख्येत येते, म्हणजे त्या पाटीच्या आड दुकानदाराला लपता येत नाही. हे मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर, कायदा स्वतः वाचताना कळले.

हेल्पलाइनकडून फोन गेल्यावर दुकानदाराने मला २,००० रुपये परत देऊ केले. मी ते घेतले नाहीत. पूर्ण रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली असून तिची पोच आली आहे. १५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ती दाखल करता येते. यंत्र, डबा, कच्ची पावती आणि उघडलेल्या भागांचे फोटो एकत्र बांधून कपाटात ठेवले आहेत. नोटीस टाकायला गेलो त्या दिवशी दुकानासमोरून जाताना पाहिले, तर काचेत तसलेच आणखी चार डबे मांडलेले होते.