हँडब्रेकचं बिल ४८० पौंड, आणि ड्रम उघडलाच नव्हता

इंग्लंडात हौसेने जुनी गाडी पाळणारे आपले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी १९७३ची आहे. मागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा (ड्रम) आणि त्याला आतून घासून चाक थांबवणारे शू. हँडब्रेकची केबल हेच शू ओढते. चढावर गाडी मागे सरकायला लागली म्हणून ‘क्लासिक गाड्यांचे तज्ज्ञ’ अशी पाटी लावलेल्या एका गॅरेजात दिली. बिल आलं ४८० पौंडांचं: नवी केबल, नवे ब्रेक शू, दोन नवे व्हील सिलिंडर (पेडल दाबल्यावर शू ढकलणारे) आणि मजुरी. खरं तर या गाडीचे हे भाग फार महाग नसतात, मजुरीच जास्त. पण मजुरीचं तरी काम व्हायला हवं ना!

गाडी घेतली तेव्हा लिव्हर एका ‘कट्’मध्ये घट्ट. मी खूश. घरी पोचेपर्यंत मागून जळका वास यायला लागला, आणि उजव्या चाकाच्या रिमला हात लावला तर चटकाच बसला. ब्रेक सुटतच नव्हता.

चाक काढलं आणि सगळा उलगडा झाला. या गाडीचा ड्रम दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. त्या स्क्रूंच्या खाचांत गंज आणि जुना रंग गच्च भरलेला, पेचकसाचा एक ओरखडासुद्धा नाही. म्हणजे ड्रम कोणी उघडलाच नव्हता. मी उघडला, तर आत तेच जुने शू, गियर ऑइलने ओले, गंधकासारखा वास मारणारे. हबचं ऑइल सील गळत होतं, खरा आजार तो होता. केबलही जुनीच, वरून काळा रंग फासलेला. महाशयांनी केलं काय, तर गाडीखाली शिरून केबलचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळला!

ही युक्ती जुनीच आहे. नट आवळला की लिव्हर कडक लागते आणि गिऱ्हाईक हसत घरी जातं. खरा क्रम उलटा असतो. आधी केबल ढिली करायची, मग चाकामागच्या प्लेटवरचा चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर चाक अडकेपर्यंत फिरवायचा, चाक मोकळं फिरेल इतका मागे घ्यायचा, आणि केबल सगळ्यात शेवटी. (ड्रम स्वतः उघडणार असाल तर आतली धूळ फुंकू नका. जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.)

असल्या लोकांचं फावतं याला आणखी एक कारण आहे. चाळीस वर्षांपुढच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून एमओटी, म्हणजे इथली वार्षिक सुरक्षा तपासणी, सक्तीची नाही. त्यामुळे दुसऱ्या कोणाची नजर ब्रेकवर पडतच नाही. पण आपणहून ती करून घेता येते. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. मी त्याच गॅरेजला न विचारता तिसरीकडे एमओटीसाठी गाडी ब्रेक मोजणाऱ्या रोलरवर चढवली. उजव्या-डाव्या चाकाचे हँडब्रेकचे आकडे वेगवेगळे, आणि निकाल नापास. तो कागद आणि गंजलेल्या स्क्रूंचे, ड्रम उघडण्यापूर्वी काढलेले फोटो, एवढंच माझं हत्यार.

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, “जुन्या गाड्यांचं असंच असतं.” पैसे परत द्यायला साफ नकार. सुदैवाने बिल क्रेडिट कार्डाने भरलं होतं. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५नुसार १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३० हजारांपर्यंतच्या खरेदीत कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. डेबिट कार्डाला किंवा रोखीला हे संरक्षण नाही. ‘कॅश दिलीत तर व्हॅट सोडतो’ म्हणणाऱ्याला म्हणूनच नमस्कार करावा. मी दावा लावला, सोबत २०१५च्या कन्झ्युमर राइट्स कायद्याचा हवाला दिला आणि ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक-संरक्षण खात्यापर्यंत जावी म्हणून सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेकडेही तक्रार नोंदवली.

पैसे पूर्ण परत मिळाले. मधल्या काळात कार्ड कंपनीने गॅरेजकडे काढलेले जुने भाग दाखवायला सांगितले होते. त्यांनी ते कधीच दाखवले नाहीत. दाखवणार कुठून, ते तर माझ्याच गाडीत बसलेले होते.