लघवी सुरू होईपर्यंत: फोली लावून घरी जावं की नळी स्वतः घालायला शिकावं?

एल्सबर्ग सिंड्रोममध्ये, म्हणजे कण्याच्या तळाशी नसांची मुळं सुजून लघवी अडते आणि बसायची जागा बधिर होते त्या आजारात, पहिल्या दिवसांत आपल्याला विचारायला फारसं कोणी थांबत नाही, आणि तेच बरं. मणक्यातली गादी नसांवर दाबत नाही ना, हे एमआरआयवर त्याच दिवशी पाहावं लागतं. मग पाठीतलं पाणी तपासायला जातं, अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू होतं. ही मुळं सुजवणारा विषाणू बहुतेकदा हर्पिस टाइप 2, कधी नागिणीचा. बहुतेकांची लघवी काही आठवड्यांत परत येते. ते आठवडे घरी कसे काढायचे, हा निर्णय मात्र आपल्यालाही विचारून होतो.

दवाखान्यात फोलीच बरी, म्हणजे मूत्राशयात सतत राहणारी, पिशवीला जोडलेली नळी. सलाईन चालू असताना दर थोड्या वेळाने नळी कोण घालणार? घरीही तिचा एक मोठा फायदा आहे: पाणी मोजून प्यावं लागत नाही. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा ही सोय लहान नाही.

माझं मन उडालं ते पिशवीवरून. ती कायम मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर लघवी वाहत नाही, उलटी फिरू शकते. पण आमचं उन्हाळ्यातलं सगळं जगणं जमिनीवरचं! रात्री गच्चीवर गादी टाकायची, शेतात जेवायला मांडी घालून बसायचं. जमिनीच्या खाली पिशवी कुठे लटकवणार? खाटेवर एकटं झोपायचं, कूस बदलताना नळी ओढली जायची, आणि पाहुणा आला की त्याची नजर आधी पिशवीवर. औषधाने, सुईने मी वैतागलो नाही, याने वैतागलो.

स्वतः नळी घालायची म्हटल्यावर पोटात गोळा येतो, हे मान्य. पण ती निर्जंतुकच हवी असं नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, हे अमेरिकेतल्या लॅपिडीस या डॉक्टरांनी 1972 मध्येच मांडलं. भरपूर जेली लावायची, घाई करायची नाही. साधारण चार ते सहा तासांनी, एका वेळी 400-500 मिलीच्या वर साठू न देता. उन्हाळ्यात पाणी जास्त पोटात जातं, म्हणून फेऱ्या वाढतात. एसटी स्टँडवर हात धुवायला पाणी मिळेलच असं नाही. मी बाटली आणि साबण जवळ ठेवायचो.

मला आवडली ती आणखी एक गोष्ट. आधी आपण होऊन लघवीचा प्रयत्न करायचा, मग नळीने उरलेली काढून मापाच्या भांड्यात बघायची. उरलेली कमी होत गेली की नसा जाग्या होताहेत हे मलाच दिसायचं. फोलीत हे नळी काढून बघेपर्यंत कळत नाही. शिवाय महिनाभर फोली राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू शिरतात.

हात थरथरत असतील, नजर अधू असेल, लघवीचा मार्ग अरुंद असेल, तर फोलीच योग्य असू शकते; युरॉलॉजिस्टशी बोलूनच ठरवा. बाकीच्यांनी, माझं मत विचाराल तर, डिस्चार्जआधी नर्सकडून नळी घालायला शिकून घ्यावी. काहीही निवडलं तरी बसायची जागा बधिर आहे हे विसरू नका: तापलेल्या गच्चीवर, उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर चटका कळत नाही. नळी अडली तर जोर लावू नका. ती जात नसेल, थंडी वाजून ताप आला किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.