यामाहा पॅसिफिका ११२व्ही, दीड वर्ष वाजवून झाल्यावर

तीस हजारांच्या आसपास चांगली इलेक्ट्रिक गिटार कुठली, असं वर्षभरात चार-पाच जणांनी तरी विचारलंय आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगतोय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. माझ्याकडे यामाहाची पॅसिफिका ११२व्ही आहे, सनबर्स्ट. दीड वर्ष झालं, रोज ऑफिसहून आल्यावर हातात असतेच आणि गणपतीत सोसायटीच्या ऑर्केस्ट्रालाही हीच घेऊन बसतो.

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यातून काढल्या काढल्या हिच्याबद्दल मत बनवू नका. माझी आली जुलैमध्ये, भर पावसात. दुकानवाल्याने सेटअप (तारांची उंची, नेकचा वाक वगैरे जुळवणं) करून पाठवतो म्हटलं होतं, काहीच केलं नव्हतं. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, पुढे वाकलेली आणि तारा इतक्या वर की एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या तो) धरला की दोन मिनिटांत मनगट भरून यायचं. आठवडाभर मला वाटत होतं पैसे पाण्यात गेले. पण लाकूड आहे ते, पावसाळ्यात घराचं दार फुगतं तसं हेही हलणारच. शेवटी दादरला एका गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) फक्त पाव फेरा घट्ट केला, मग चहा पिऊन झाल्यावर परत नेक डोळ्यासमोर धरून बघितली, मग ब्रिजवरचे सॅडल (बॉडीवर तारा ज्यांच्यावर टेकतात ते छोटे तुकडे) खाली घेत घेत बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड तार २ मिमी आणि बारीक तार दीड मिमीवर आणली, प्रत्येक तारेचं इंटोनेशन (वर-खाली कुठेही दाबली तरी तार सुरात राहणं) ट्यूनरवर जुळवलं आणि तारा अडकू नयेत म्हणून नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची तारा बसायची पट्टी) खाचांमध्ये चक्क शाळेतल्या पेन्सिलीचं शिसं घासलं. हजार-बाराशे रुपये गेले, पण परत आली ती वेगळीच गिटार होती, शपथ.

बांधणी खरंच दणकट आहे. बॉडी अल्डरची, नेक मेपलची, चार स्क्रूंनी बसवलेली, वर रोजवुडचा फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची पट्टी), २२ फ्रेट. नेकच्या कडेवरून तळहात वरपासून खालपर्यंत फिरवून बघा, फ्रेटची टोकं टोचत नाहीत, या किमतीत हे गृहीत धरू नका. नेकला मागून चकचकीत पॉलिश नाही, सॅटिन आहे, त्यामुळे मे महिन्यात हाताला घाम असला तरी अंगठा अडकत नाही.

आणि हिचा फ्रेटबोर्ड बराच सपाट आहे, रेडियस (गोलाईची त्रिज्या, जितकी मोठी तितकी पट्टी सपाट) पावणेचौदा इंच. फेंडर कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या गिटारवर तो सव्वासात असतो, म्हणजे चांगला गोल. मला गिटारवर नाट्यगीतं वाजवायचा नाद आहे, तिथे मींड घ्यायची तर तिसरी तार दीड स्वर ओढावी लागते. गोल फ्रेटबोर्डवर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कमी असली की तार वर ढकलताना स्वर मध्येच मरतो. हिच्यावर तो शेवटपर्यंत गातो. माझ्यासाठी गिटार ठेवायचं हेच सगळ्यात मोठं कारण.

आवाजाचं म्हणाल तर तारांची थरथर पकडणारे तीन पिकअप आहेत: दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) आणि ब्रिजजवळ एक हंबकर (दोन वेटोळ्यांचा). नेकचा पिकअप क्लीन अ‍ॅम्पवर इतका गोड, थोडा रिव्हर्ब (घुमारा) दिला की जुनी हिंदी गाणी वाजवतच बसावं. हंबकर जरा सभ्य आहे, रॉकला पुरतो, पण एकदम जड मेटल करणाऱ्याला गेन (आवाज फाटवणारा जोर) वेगळा वाढवून घ्यावा लागेल. टोनचं बटण वर ओढलं की हंबकरची एकच कॉइल चालू राहते, आवाज पातळ आणि टोकदार होतो, लावणीच्या ठेक्यावर ऱ्हिदम मारायला फार कामाचं. फक्त माझ्या खोलीत पंख्याचा रेग्युलेटर दोनवर असला की सिंगल कॉइलवर घूंऽऽ असा आवाज येतो, बटण खाली दाबून हंबकर पूर्ण केला की जवळजवळ गप्प. हा गिटारचा दोष नाही, सिंगल कॉइल असतातच तशा.

व्हॅमी बार (ब्रिजला लावलेली, स्वर हलवायची दांडी) हळू थरथरवायला छान, पण जोरात खाली दाबलात तर ट्यूनिंग हलणार, या जुन्या पद्धतीच्या ब्रिजचं सगळीकडे असंच असतं. मी मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीला टेकवून टाकलाय, आता अख्ख्या कार्यक्रमात एकदा ट्यून करतो.

बजेट कमी असेल तर हिचीच धाकटी बहीण ०१२ आहे, पण त्यात ते ओढायचं बटण नाही. मी म्हणेन दोन महिने थांबा आणि ११२च घ्या, आणि सेटअपचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. दुकानात गेलात तर आधी अ‍ॅम्पला न लावता वाजवा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, कुठे खरखर येते का ऐका, मग अ‍ॅम्पला लावून ते टोनचं बटण दहा वेळा वर-खाली करा. आणि पावसाळ्यात घेतलीत तर बॅगेत सिलिकाच्या पुड्या टाका आणि दिवाळीनंतर नेक एकदा परत बघून घ्या.